तंबोऱ्याच्या खोलीतला गेमिंग लॅपटॉप: फॅन, साऊंड आणि रॅम (वापरानंतरचा अनुभव)

मशीन असं: १६ इंची स्क्रीन, इंटेल आय७-१३७००एचएक्स, आरटीएक्स ४०६०, ८ अधिक ८ जीबी डीडीआर५ रॅम. काम मिरज-सांगलीत चालतं तसंच, म्हणजे बैठकांचं रेकॉर्डिंग, त्याचं एडिटिंग आणि अधूनमधून फोर-के व्हिडिओ. असल्या कामाला गेमिंगचा लॅपटॉप घ्यायचं मुख्य कारण म्हणजे रॅमचे दोन स्लॉट, ज्यातल्या स्टिक बदलता येतात. बारीक अंगाच्या लॅपटॉपात रॅम बहुतेक वेळा बोर्डालाच सोल्डर केलेली असते. स्पीडबद्दल एका शब्दाची तक्रार नाही. प्रश्न सगळा आवाजाचा.

या प्रोसेसरची बेस पॉवर ५५ वॉट आहे आणि टर्बोत, म्हणजे थोडा वेळ जादा वेगाने धावताना, तो १५७ वॉटपर्यंत जाऊ शकतो. ब्राउझरची एखादी टॅब उघडली तरी एक कोर क्षणभर ५ गिगाहर्ट्झकडे धावतो, तापमान पन्नाशीतून थेट ऐंशीच्या घरात जातं आणि फॅन त्याच्या मागे लागतो. दोन सेकंदांत काम संपतं, फॅन मात्र अर्धा मिनिट फिरत राहतो. ही चढ-उताराची घरघर सलग आवाजापेक्षा जास्त डोकं उठवते. फॅन कर्व्ह (किती तापमानाला फॅन किती फिरावा ते सेटिंग) खाली ओढणं हा यावरचा चुकीचा उपाय आहे. उष्णता तेवढीच राहते आणि कीबोर्ड तापतो. वॉट कमी करा, फॅन आपोआप शांत होतो.

सर्वांत सोपं: कंट्रोल पॅनल, पॉवर ऑप्शन्स, अॅडव्हान्स्ड सेटिंग्ज, प्रोसेसर पॉवर मॅनेजमेंट, आणि तिथे मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट १०० वरून ९९ टक्के. या एका टक्क्याने टर्बो बंद होतो. पी-कोर, म्हणजे प्रोसेसरचे जलद कोर, २.१ गिगाहर्ट्झच्या आसपास थांबतात. रेकॉर्डिंगला, टायपिंगला, मीटिंगला तेवढं भरपूर. एडिटिंगला मात्र कमी पडतं. त्यासाठी ते परत १०० टक्के करा आणि थ्रॉटलस्टॉप या सॉफ्टवेअरच्या टीपीएल खिडकीत पीएल१ (सलग कामाची मर्यादा) ४५ वॉट आणि पीएल२ (थोड्या वेळाची मर्यादा) ६५ वॉट ठेवून पाहा. वॉट निम्म्यावर आणले म्हणून एक्स्पोर्टचा वेळ दुप्पट होत नाही, कारण शेवटच्या काही शे मेगाहर्ट्झसाठी व्होल्टेज भरमसाट चढतं आणि पॉवर व्होल्टेजच्या वर्गाने वाढते. एक लक्षात ठेवा, कीबोर्डवरच्या बटणाने परफॉर्मन्स मोड बदलला की लॅपटॉपचं स्वतःचं सॉफ्टवेअर हे आकडे पुसून आपले लिहू शकतं.

एवढं करूनही काहीच न करता फॅन सुरू असेल तर ग्राफिक्स कार्ड झोपलंय का ते बघा. एनव्हिडिया कंट्रोल पॅनलच्या डेस्कटॉप मेनूत जीपीयू अॅक्टिव्हिटीचं आयकॉन चालू करता येतं. त्यावर क्लिक केलं की कुठला प्रोग्रॅम कार्ड जागं ठेवतोय ते दिसतं. हलणारे वॉलपेपर आणि चॅटिंगची अॅप्स नेहमीची गुन्हेगार. विंडोजच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये त्यांना पॉवर सेव्हिंगवर टाका. बाहेरचा मॉनिटर एचडीएमआयला जोडला असेल तर कार्ड झोपणारच नाही, कारण अशा बहुतेक मशीनमध्ये ते पोर्ट थेट ग्राफिक्स कार्डाला जोडलेलं असतं. टाइप-सी पोर्ट इंटेलच्या ग्राफिक्सला जोडलेलं असेल तर मॉनिटर तिकडे न्या.

फॅनचे आरपीएम ५००० वरून ४००० वर आले की आवाज साधारण ५ डेसिबलने उतरतो, म्हणजे थोडीशी कपातही कानाला कळते. पण बाहेरची हवाच दहा अंशांनी गरम असेल तर प्रोसेसरही जवळजवळ तेवढाच जास्त तापणार. एप्रिल-मेच्या दुपारी सांगलीत सेटिंग कितीही बदला, फॅन ऐकू येणारच. रेकॉर्डिंग सकाळी करावं हे बरं. मागची बाजू दोन-तीन सेंटिमीटर उचलायला लाकडाचे दोन ठोकळे पुरतात.

धुळीचं इथलं गणित वेगळं आहे. गाळप हंगामात कारखान्यांजवळच्या गावात बगॅसची (उसाच्या चिपाडाची) काजळी गच्चीवर पडते, मार्केट यार्डाच्या बाजूला हळदीची भुकटी हवेत असते. हे सगळं फॅन आणि हीटसिंकच्या पात्यांच्या मधोमध नमद्यासारखं थर धरून बसतं. बाहेरच्या जाळीतून हवा मारली तर तो थर उलटा फॅनमध्ये जातो. खालचं कव्हर काढून, बॅटरीचा कनेक्टर सोडवून, फॅनचे स्क्रू काढून फॅन उचलावा आणि थर चिमट्याने ओढून काढावा. ब्रश किंवा हाताचा ब्लोअर चालवताना पात्यात टूथपिक अडकवा, फॅन गरगर फिरू देऊ नका, बेअरिंग जातं. पंक्चरवाल्याकडचा कॉम्प्रेसर तर नकोच, त्यातून पाण्याचे आणि तेलाचे थेंब येतात.

आता साऊंड. तंबोऱ्याच्या रेकॉर्डिंगला नॉइज सप्रेशन लावलं की गंमत होते: सॉफ्टवेअरला सलग, न बदलणारा आवाज म्हणजे कचरा वाटतो, आणि तंबोरा नेमका तसाच वाजतो. जवारीची झार (तारेचा झणझणाट) आधी पातळ होते, मग खर्ज (खालचा सा) आत-बाहेर करायला लागतो. विंडोजमध्ये त्या माइकच्या प्रॉपर्टीजमध्ये ऑडिओ एन्हान्समेंट्स ऑफ करा, आणि लॅपटॉपबरोबर आलेलं एआय नॉइज कॅन्सलेशनही वेगळं बंद करा. ती दोन वेगळी बटणं आहेत. मग फॅनचा आवाज अंतराने हटवा. लॅपटॉप दुप्पट लांब नेला की मोकळ्या जागेत ६ डेसिबल कमी, खोलीत भिंतींमुळे थोडं कमीच. यूएसबी २ ची केबल ५ मीटरपर्यंत चालते, तेव्हा माइकला तीन मीटरची घ्या आणि कार्डिऑइड (समोरचं जास्त, मागचं कमी ऐकणाऱ्या) माइकची पाठ लॅपटॉपकडे करा.

चार्जर लावल्यावर रेकॉर्डिंगमध्ये घूं असा आवाज आला तर तो ५० हर्ट्झचा मेन्सचा हम. चार्जर काढून बघा. थांबला तर दोष अर्थिंगचा समजा. मिरजेतल्या जुन्या वाड्यांत थ्री-पिन सॉकेट असतं, पण मागे अर्थची वायर पोचलेलीच नसते, आणि धातूच्या बॉडीवर हात ठेवला की मुंग्या येतात. वायरमनकडून अर्थ करून घ्या. पिन कापून टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. तोवर रेकॉर्डिंग बॅटरीवर करा.

रेकॉर्डिंगमध्ये कट-कट आवाज येत असेल तर प्रकरण ड्रायव्हरचं. लेटन्सीमॉन (कुठला ड्रायव्हर आवाज अडवतोय ते दाखवणारं सॉफ्टवेअर) दहा मिनिटं चालवा. बहुतेक वेळा वाय-फाय किंवा ग्राफिक्सचा ड्रायव्हर वर दिसतो. रेकॉर्डिंगपुरतं वाय-फाय बंद ठेवा. एसीपीआय (पॉवर आणि बॅटरी सांभाळणारा ड्रायव्हर) दिसला तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये बॅटरीजखालचं कंट्रोल मेथड बॅटरी तात्पुरतं डिसेबल करा, पण चार्जर लावूनच, कारण मग बॅटरीचा टक्का दिसत नाही आणि लॅपटॉप न सांगता बंद पडेल. रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमधला बफर २५६ सॅम्पल ठेवला तर ४८ किलोहर्ट्झला सुमारे ५.३ मिलिसेकंदांचा उशीर होतो. गाणाऱ्याला हेडफोनवर चालून जातं.

रॅम वाढवायच्या आधी टास्क मॅनेजरच्या मेमरी पानावर ‘कमिटेड’चा आकडा (सगळ्या प्रोग्रॅमनी मिळून मागितलेली मेमरी) बघा. काम ऐन भरात असताना तो बसवलेल्या रॅमच्या बराच वर जात असेल तरच खर्च करा. २०२५ च्या अखेरीपासून भाव भडकलेले आहेत. १६ जीबीवर फोर-के टाइमलाइन आणि ब्राउझर एकत्र चालवलं की एसएसडीवर पेजिंग सुरू होतं (रॅममध्ये न मावणारं तिकडे लिहिलं जातं), त्या धावपळीत फॅनही चढतो. ३२ वर ते थांबलं.

एक ८ ची स्टिक ठेवून ३२ ची घालणं टाळा. चालतं, पण दोन्हीकडचे ८-८ तेवढे ड्युअल चॅनलमध्ये (दोन्ही स्टिक एकदम वाचल्या जातात, म्हणून जलद) आणि उरलेले २४ सिंगल. शिवाय डीडीआर५ ची ८ जीबी स्टिक सहसा चारच चिपची असते, तिच्यात बँक ग्रुप (चिपमधले एकाच वेळी वापरता येणारे मेमरीचे गट) निम्मे. त्याच मेगाहर्ट्झला १६ ची जोडी थोडी जलद पडते. लेबलवर डीडीआर५, एसओ-डीआयएमएम (लॅपटॉपची आखूड स्टिक), १.१ व्होल्ट बघा. या प्रोसेसरवर ५६०० ची स्टिक ४८०० नेच धावते, त्यामुळे जास्तीचे पैसे वाया. वर जाड अॅल्युमिनियम चिकटवलेल्या स्टिक पत्र्याच्या झाकणाखाली बसत नाहीत.

बसवताना: चार्जर काढा, बंद केल्यावर पॉवर बटण पंधरा सेकंद दाबून ठेवा, पीएच-० (बारीक फुलीच्या) स्क्रूड्रायव्हरने स्क्रू काढा. पुढचे स्क्रू आखूड असू शकतात, म्हणून कागदावर त्या-त्या जागी टोचून ठेवा; लांब स्क्रू पुढे पिळला तर वरच्या कव्हरला फोड येतो. फट उघडायला जुनं सिमकार्ड चालतं. बॅटरीचा कनेक्टर सोडवा. स्लॉटच्या दोन्ही क्लिपा बाहेर ढकलल्या की स्टिक स्वतः वर उचलली जाते. नवी स्टिक तिरकी सारा, सोनेरी पट्टी जवळपास दिसेनाशी झाली की खाली दाबा. पट्टी दिसत असताना दाबली तर एकच स्टिक ओळखली जाते.

पहिल्यांदा चालू करताना स्क्रीन काही मिनिटं काळी राहते, कारण डीडीआर५ चं मेमरी ट्रेनिंग (नव्या रॅमशी जुळवून घेणं) चालू असतं. घाबरून बटण दाबलं की ते पुन्हा पहिल्यापासून. नंतर रात्रभर मेमटेस्ट८६ ही रॅमची तपासणी लावा. एकही एरर आली तर स्टिक परत करा.

स्पीकरबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. ते खाली तोंड करून आहेत, गादीवर ठेवले की आवाज घुसमटतो, आणि फॅन फुल असताना संवाद कळत नाहीत. मीटिंगला विंडोजच्या लाउडनेस इक्वलायझेशनने (बारीक-मोठा आवाज सारखा करणारं सेटिंग) भागतं.