रात्री अडीचचं विमान, मग संध्याकाळ कुठे? मरीन ड्राइव्ह, दादर, जुहू की पार्ले

मुंबईहून परदेशी जाणारी बरीच विमानं मध्यरात्रीनंतर उडतात, म्हणून निघण्याच्या दिवशी अख्खी संध्याकाळ हातात उरते. ती घरात बॅगा उचलून-ठेवून घालवण्यापेक्षा बाहेर पडलेलं बरं. मात्र आधी तिकिटावरची तारीख पुन्हा वाचा. १५ तारखेचं ००:४० चं विमान म्हणजे १४ च्या रात्री विमानतळ. शिकलीसवरलेली माणसंही इथे चुकतात.

मग उलटा हिशेब करा. विमान ०२:३० ला असेल तर बहुतेक कंपन्यांचा चेक-इन काउंटर तासभर आधी, म्हणजे दीडला बंद होतो. काहींचा त्याच्याही आधी. बॅगा देणं, इमिग्रेशन आणि सुरक्षा तपासणी हे सगळं धरून साडेअकराला टी-२ च्या (विमानतळाच्या दुसऱ्या टर्मिनलच्या) दारात असायला हवं. म्हणजे पाच ते साडेदहा हा वेळ तुमचा. विमान ००:४० चं असेल तर दारात पोहोचायचं पावणेदहाला, आणि निघायचं नेमकं त्या वेळी जेव्हा सगळी मुंबई उत्तरेकडे घरी चाललेली असते. अशा वेळी फक्त पार्ल्याचा विचार करा, बाकीचं सोडून द्या.

दुसरा प्रश्न बॅगांचा. इथेच बेत फिसकटतो. टॅक्सी सीएनजीवर असेल तर डिकीतली निम्मी जागा टाकीनेच खाल्लेली असते. २३ किलोच्या दोन मोठ्या बॅगा तिच्यात मावत नाहीत, एक पुढच्या सीटवर जाते. गाडी मागवताना मोठीच मागवा, किंवा वर कॅरिअर असलेली काळी-पिवळी बघा. रेल्वेच्या क्लोकरूमच्या भरवशावर राहू नका, तिथे रेल्वेचं तिकीट मागतात. गाडी आणि ड्रायव्हर रात्रीपर्यंत आपलेच असतील, किंवा घरचं कोणी बॅगा घेऊन थेट टी-२ ला येणार असेल, तरच लांबचा बेत करा.

आता जागा.

मरीन ड्राइव्ह, फोर्ट, काळा घोडा. देखणेपणात याला तोड नाही. सूर्य समोर समुद्रात बुडतो, मागे दिव्यांची रांग पेटते. मावळण्याची वेळ मात्र पाहून जा. नोव्हेंबरअखेर सहाच्या सुमारास अंधारतं, जुलैच्या सुरुवातीला सव्वासातनंतर (आणि तेव्हा बहुधा सूर्य दिसतच नाही). खाण्यात एक फसगत ठरलेली. बॅलार्ड इस्टेटमधलं ब्रिटानिया दुपारच्या जेवणापुरतंच उघडं असतं, बेरी पुलावाचा बेत संध्याकाळी ठेवू नका. चर्चगेटजवळ के. रुस्तमचं दोन वेफर्समधलं आइस्क्रीम मात्र जाता-येता होतं.

इथून टी-२ साधारण पंचवीस किलोमीटर. कोस्टल रोड आणि सी-लिंक जोडले गेल्यापासून वांद्र्यापर्यंत गाडी सरळ येते, खरी रखडपट्टी त्यापुढे पश्चिम द्रुतगती मार्गावर. रात्री दहानंतर पाऊण-एक तास लागतो, आठला निघालात तर दीड तास धरा. भुयारी मेट्रो-३ ऑक्टोबर २०२५ पासून कफ परेडपर्यंत धावते. चर्चगेट किंवा हुतात्मा चौकातून टी-२ स्टेशन पाऊण तासाच्या आसपास, आणि सगळ्यात लांबच्या प्रवासालाही ७० रुपयेच. शेवटची गाडी मात्र साडेदहाच्या सुमारास सुटते, म्हणून दहालाच फलाटावर उभं राहा. भुयारात मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही, तिकीट वर असतानाच काढून ठेवा. पाठीवर फक्त सॅक असेल तर या चारही बेतांत हाच रस्ता सगळ्यात खात्रीचा. दोन मोठ्या बॅगा घेऊन सरकते जिने आणि तपासणीचं यंत्र पार करायचं असेल तर नको.

दादर. पुण्याहून येणाऱ्यांना ही जागा सोयीची. अटल सेतूवरून शिवडीला उतरलं की दादर जवळच, आणि पुढचा सगळा रस्ता विमानतळाच्या दिशेने. उलटं मागे जावं लागत नाही. शिवाजी पार्कचा कट्टा, प्रकाशमधलं पियूष आणि साबुदाणा वडा, सेनाभवनाजवळ आस्वाद, स्टेशनाकडे मामा काणे ही उपाहारगृहं: परदेशात ज्याची आठवण येणार ते सगळं दहा-पंधरा मिनिटांच्या चालण्यात. शिवाय राहिलेली खरेदी इथे होते, आणि बॅगेचं वजनही इथेच चुकतं. दोन किलो चकल्या घेतल्या की काहीतरी बाहेर काढावंच लागतं. वजनकाटा गाडीत ठेवा. लोणचं आणि तूप केबिनमध्ये चालत नाही, ते दोन पिशव्यांत घट्ट बांधून मोठ्या बॅगेत. पॉवर बँक उलट केबिनमध्येच. सुक्या खोबऱ्याची वाटी घेऊ नका, तेलामुळे ती ज्वलनशील धरतात आणि चेक-इन बॅगेतून काढायला लावतात. दादरहून टी-२ पंधरा किलोमीटरच्या आसपास. सात ते नऊ सव्वा तास, दहानंतर अर्धा-पाऊण. ६ डिसेंबरच्या आसपास चैत्यभूमीला येणाऱ्या गर्दीमुळे गाडी इकडे आणूच नका.

जुहू. नकाशावर सगळ्यात मोहात पाडणारी जागा. अंतर जेमतेम आठ-नऊ किलोमीटर. पण जुहू रुळांच्या पश्चिमेला आणि विमानतळ पूर्वेला. मध्ये ओलांडायला मोजकेच पूल: सांताक्रूझला मिलन, पार्ल्याला कॅप्टन गोरे, अंधेरीला गोखले. संध्याकाळी सगळा पश्चिम भाग त्याच दोन-तीन तोंडांशी येऊन थांबतो. अंतर आठ किलोमीटरचं असलं तरी तास धरा. पावसाळ्यात अंधेरी सबवे पाणी भरून बंद होतो, मिलन सबवेचीही तीच ख्याती, आणि मग सारा भार पुलांवर. भरती आणि मुसळधार एकत्र आली त्या दिवशी हा बेत रद्द. गणपती विसर्जनाच्या दिवशीही रद्द. गिरगाव चौपाटीलाही हेच लागू. पृथ्वी थिएटरचं नाटक ठरवलं असेल तर लक्षात ठेवा, वेळ झाली की दार बंद, उशिरा आलेल्याला आत घेत नाहीत. शिवाय वाळू. चौपाटीवरून बूट भरून घेऊन पुढचे सोळा तास बसायचं हे ज्याचं त्याने ठरवावं.

विलेपार्ले पूर्व. मिरवायला काही नाही इथे. पार्ल्याच्या बिस्किटांचा वासही २०१६ मध्ये कारखाना बंद झाल्यावर गेला. पण विमानतळ पाच किलोमीटरच्या आसपास, आणि रूळ ओलांडायचे नाहीत: नेहरू रोड, द्रुतगती मार्ग, मग सहारचा उन्नत रस्ता. रात्री वीस मिनिटं, वाईटात वाईट पाऊण तास. दीनानाथ मंगेशकर नाट्यगृहात दुपारी चारच्या सुमाराचा प्रयोग मिळाला तर उत्तम. मध्यंतरासह साडेसहाला सुटतो, त्यानंतर हनुमान रोडवर गजालीत बोंबील आणि सोलकढी. रात्री साडेआठचा प्रयोग अकरापर्यंत लांबतो, अडीचच्या विमानाला तो धोक्याचा. दुसरा अंक अर्धा सोडून उठण्यापेक्षा तिकीटच काढू नये.

आमचा कौल: बॅगा सोबत असतील तर पार्ले. पुण्याहून स्वतःची गाडी असेल तर दादर. विमान तीननंतर, सामान दुसऱ्याच्या ताब्यात आणि सोबत परदेशी पाहुणा असेल तर मरीन ड्राइव्ह, परतताना मेट्रो. जुहू तिथेच राहणाऱ्यांसाठी.

जेवण कुठेही असो, नऊच्या आत आणि हलकं. विमानात हवेचा दाब कमी असतो, पोटातला वायू पाव ते एक तृतीयांशाने फुगतो. मिसळ, छोले, सोडा याचा हिशेब पहाटे चारला चुकता होतो.

आणि निरोप हॉटेलातच उरका. टी-२ मध्ये तिकीट असलेल्यालाच आत सोडतात, आणि दारासमोर गाडी फार वेळ उभी राहू देत नाहीत. आठ माणसं दोन गाड्यांतून उतरून नमस्कार, फोटो, डबा विसरला का ते विचारणं असं सुरू करतात तेव्हा मागचे हॉर्न वाजू लागतात. दही-साखर, पाया पडणं, रडणं हे सगळं शेवटच्या चहाबरोबर टेबलावरच होऊ द्या, आणि दारापर्यंत एकाच गाडीने जा.