मँचेस्टरमधील एक टॅनिंग सलून : सोबत म्हणून गेले तेव्हा

लग्नाआधी सहकारी मैत्रिणीला त्वचा तांबूस करून घ्यायची होती. (काळवंडू नये म्हणून आमच्याकडे बेसन-हळद लावतात, हे तिला पटेना.) खोली स्वच्छ होती, ज्यावर झोपून त्वचा तांबूस करतात तो अतिनील दिव्यांचा पलंग नीट पुसलेला होता, डोळ्यांवरचे छोटे चष्मे मात्र मागितल्यावर, ड्रॉवर धुंडाळून देण्यात आले. अंगावर तीळ किती, औषधे कोणती चालू आहेत, हे काउंटरवर कोणीही विचारले नाही. उलट 'सुट्टीआधी थोडा रंग चढवला की ऊन बाधत नाही' असा सल्ला मिळाला. वस्तुतः हा रंग म्हणजेच अतिनील किरणांनी पेशींतील डीएनएला इजा केल्याची खूण असून, २००९ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने असे पलंग तंबाखूच्याच, म्हणजे माणसात कर्करोग घडवणाऱ्या गोष्टींच्या गटात टाकले आहेत. मैत्रिणीने शेवटी तिथलाच स्प्रे टॅन (किरणांशिवाय, अंगावर फवारलेला रंग) घेतला, जो ठीक जमला, मानेवरचे ओघळ सोडल्यास.