लग्नाची साडी: पैठणी, अहिंसा सिल्क, एरी की सुती?

दूध सोडलं, तूप सोडलं, चामड्याची पर्स आणि चपलाही गेल्या. चहात सोयाचं दूध बघून घरच्यांनी नाकं मुरडली, तेही पचवलं. मग घरात लग्न ठरतं आणि सगळं पैठणीपाशी येऊन अडतं. व्हीगन झालेल्या किंवा त्या वाटेला लागलेल्या मराठी मुलींना हा पेच हमखास पडतो (आणि ज्याला मुंजीत, पूजेला रेशमी सोवळं नेसायचंय त्या मुलांनाही). दुधाला पर्याय आधीच शोधून ठेवलेले असतात, रेशमाचा विचार मात्र साडीच्या दुकानात गादीवर बसल्यावर सुरू होतो आणि तिथे तो नीट होत नाही. म्हणून बाजारात आज काय काय मिळतं आणि कुठे फसायला होतं, ते आधीच शेजारी शेजारी ठेवून पाहिलेलं बरं.

सुरुवात नेहमीच्या तुती रेशमापासून, कारण बाकी सगळ्यांची तुलना त्याच्याशीच होणार.

तुतीचा पाला खाणारी अळी साधारण पंचवीस ते अठ्ठावीस दिवस नुसती खात असते, चार वेळा कात टाकते आणि मग दोन-तीन दिवसांत स्वतःभोवती कोष विणते. कोष म्हणजे एकच सलग तंतू, चांगल्या कोषात हजार मीटरच्या आसपास. आत पतंग तयार व्हायला आणखी दहा-बारा दिवस लागतात. तो लाळेने कोषाचं टोक मऊ करून बाहेर पडतो आणि तिथेच सलग तंतूचे तुकडे होतात. तसं होऊ नये म्हणून पतंग निघायच्या आत कोषांना गरम हवा किंवा वाफ देऊन आतला जीव मारतात. पुढे कोष कढत पाण्यात सोडतात. डिंकासारखा थर सुटला की ब्रशने तंतूची टोकं पकडायची आणि आठ-दहा कोषांचे तंतू एकत्र करून एक धागा रहाटावर घ्यायचा. पाण्यात कोष गरगर फिरत असतात. तंतू निघत जातो तसा पांढराशुभ्र कोष झिरझिरीत होतो, आतली तपकिरी आकृती दिसायला लागते आणि शेवटी पाण्यात तेवढीच उरते. ती कोंबड्यांच्या किंवा माशांच्या खाद्यात जाते.

हिशेब करायचाच तर असा. एक कोष दीड-दोन ग्रॅमचा, आणि एक किलो कच्च्या रेशमाला सहा ते आठ किलो कोष. म्हणजे किलोमागे तीन ते पाच हजार किडे. अर्ध्या-पाऊण किलोच्या साडीला दोन-तीन हजार कुठे गेले नाहीत. किड्याला वेदना कितपत कळते यावर शास्त्रज्ञांचं एकमत नाही, हे खरं. पण आपल्या १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने ‘प्राणी’ची व्याख्या माणूस सोडून कोणताही जीव अशीच केली आहे, रेशीमकिड्यासाठी तो कोणी काढत नाही एवढंच.

दुसरी बाजूही तेवढीच खरी आहे. येवला आणि पैठणच्या मागांवर पदरातला मोर, मुनिया, आसावली छोट्या छोट्या कांड्यांनी रंग बदलत, धाग्यात धागा अडकवत विणतात. म्हणून हातमागाच्या पैठणीचा पदर उलटा केला तरी सुलट्यासारखाच दिसतो. २०१० मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं. मराठवाड्यात, विशेषतः बीड आणि जालना भागात, ज्यांनी कापूस-सोयाबीनसोबत एक-दोन एकर तुती लावली, त्यांच्या हातात वर्षातून अनेकदा पैसा येतो. जालन्यात कोषांची बाजारपेठ उभी राहिल्यापासून माल विकायला कर्नाटकात रामनगरला पळावं लागत नाही. या माणसांना खलनायक ठरवून व्हीगनपणा सिद्ध होत नाही. प्रश्न आपल्या अंगावरच्या साडीचा आहे.

साडीवर ‘सिल्क मार्क’चं लेबल असतं, त्याने समाधान करून घेऊ नका. केंद्रीय रेशीम मंडळाच्या पुढाकाराने २००४ मध्ये आलेलं हे चिन्ह रेशीम अस्सल आहे एवढंच सांगतं. किडा मारला की नाही, याच्याशी त्याचा संबंध नाही.

विदर्भातल्या वाचकांसाठी एक उपप्रश्न: कोसा, म्हणजे टसर रेशीम, चालेल का? टसर किडा गडचिरोली-भंडाऱ्याकडे ऐन-अर्जुनाच्या झाडांवर उघड्यावर वाढतो, ढिवर समाजाचा तो पिढीजात व्यवसाय आहे आणि करवतकाठी साडी देखणी असते, यात वाद नाही. पण ‘जंगली आहे, म्हणून अहिंसक’ असं काउंटरवर कोणी सांगितलं तर ऐकून सोडून द्या. कोसाही बहुतेक वेळा पतंग निघायच्या आधीच मारून, उकळून काढतात. झाडावर वाढला म्हणून शेवट बदलत नाही.

आता अहिंसा सिल्क. व्हीगन मंडळी सगळ्यात आधी इथेच वळतात, म्हणून इथे जरा थांबू.

कल्पना साधी: पतंगाला बाहेर पडू द्यायचं आणि फुटलेल्या कोषांपासून सूत कातायचं. हैदराबादचे कुसुमा राजय्या हातमागाच्या क्षेत्रातले. नव्वदच्या दशकापासून त्यांनी या पद्धतीच्या साड्या विणून घेतल्या आणि हे नाव लोकांपर्यंत पोचवलं. सलग तंतू नसल्याने कापड उजेडात धरलं की फरक डोळ्यांना दिसतो. धागा कुठे जाड, कुठे बारीक, मधूनच एखादी गाठ, चमक मंद, हाताला थोडं खरबरीत आणि ऊबदार. पैठणीची ती पाण्यासारखी झळाळी यात शोधू नये. तेवढ्याच वजनाच्या नेहमीच्या रेशमापेक्षा किंमत जास्त, कारण कोषामागे सूत कमी निघतं आणि कातायची मजुरी वाढते.

इथवर ठीक. अडचण पुढे आहे. पतंग बाहेर आला, म्हणजे मोकळा झाला असं चित्र आपल्या मनात तयार होतं. हजारो वर्षं माणसाने पाळलेला हा पतंग उडू शकत नाही, त्याला खाता येत नाही, तो काही दिवस जगतो, जोडी लावतो आणि मरतो. एक मादी चारशेच्या आसपास अंडी घालते. सगळे कोष फुटू दिले तर पुढच्या पिढीला दोनशे पट तुती लागेल, ती कोणाच्याच शेतात नाही. मग ती अंडी टाकली जातात, किंवा अळ्या उपाशी मरतात. म्हणजे मरण टळत नाही, ते साडीच्या धाग्यापासून एक पायरी लांब जातं.

त्याहून कमी लोकांना माहीत असलेली गोष्ट बीजकोष केंद्रातली, म्हणजे जिथे रेशीमकिड्यांची अंडी तयार करतात तिथली. ‘पेब्रिन’ नावाचा किड्यांचा रोग आईकडून अंड्यात उतरतो. लुई पाश्चरने एकोणिसाव्या शतकात त्यावर जो उपाय सांगितला, तो आजही चालू आहे: अंडी घालून झाली की मादी चिरडायची आणि तो रस सूक्ष्मदर्शकाखाली तपासायचा. रोगाचे जंतू दिसले तर तिची अंडीही जाळायची. तपासलेली अंडी अशा केंद्रातून घेतली, तर अहिंसा सिल्कवाल्याच्या हातात ती येण्याआधीच ही हत्या झालेली असते. शिवाय या केंद्रांत पतंग निघून गेलेले फुटके कोष ढिगाने उरतात, त्यांचंही सूत होतं. तेच सूत उद्या ‘अहिंसा’ लेबल लावून तुमच्यापुढे आलं, तर ओळखणार कसं? पुण्याची ब्यूटी विदाउट क्रुएल्टी ही संस्था वर्षानुवर्षं रेशीम न वापरण्याबद्दल बोलत आली आहे. या लेबलवर डोळे झाकून विश्वास ठेवू नये, असं मलाही वाटतं. घ्यायचीच असेल तर विक्रेत्याला तीनच प्रश्न विचारा: अंडी कुठून आणली, पतंगांचं पुढे काय करता, आणि सूत कुठे कातलं? ‘मॅडम, शंभर टक्के अहिंसा’ एवढंच उत्तर आलं तर साडी घडी करून परत द्या.

एरी रेशीम यापेक्षा थोडं सरळ वाटतं. आसाम-मेघालयात एरंडाच्या पाल्यावर वाढणारा हा किडा कोषाला एका टोकाला तोंड ठेवतो, पतंग तिथून सहज निघून जातो आणि सूत तसंही कातावंच लागतं. त्यामुळे धाग्यासाठी मारायची गरज नाही. पण तिथे आतली अळी आवडीने खाल्ली जाते, त्यामुळे कोष रिकामा असला तरी किडा उडून गेला असेल असं गृहीत धरू नये. ज्यांच्या ताटात ती आहे त्यांना आपण नैतिकतेचे धडे द्यावेत असं मुळीच नाही. लेबल वाचताना एवढं ध्यानात असावं. शाल, स्टोल, नवरदेवाचं जाकीट यांना एरी झकास, लोकरीसारखी ऊब देते. नऊवारीला मात्र जड आणि जाडसर पडते.

कृत्रिम रेशमाबद्दल थोडक्यात. ‘सेमी पैठणी’ म्हणून एक-दोन हजारांपासून जे मिळतं ते बहुतांशी यंत्रमागावरचं पॉलिस्टर किंवा व्हिस्कोस असतं. पदर उलटा करा, मागे धागे लोंबताना दिसतील. किडा मरत नाही, खिसा हलका होत नाही, फोटोत कोणाला कळतही नाही. पॉलिस्टर म्हणजे शेवटी खनिज तेल: मे महिन्याच्या मुहूर्तावर मांडवात घाम निथळणार, आणि दर धुण्याला प्लास्टिकचे बारीक तंतू पाण्यात जाणार, जिथे मासे आहेत. व्हिस्कोस लाकडाच्या लगद्याचं, अंगाला बरं, पण बनवताना कार्बन डायसल्फाइडसारखं घातक रसायन लागतं आणि ओलं झालं की कमकुवत होतं. ‘बांबू सिल्क’ हे बहुतेक वेळा व्हिस्कोसच. एखाद्या दिवसासाठी म्हणून घ्यायचं असेल तर यापेक्षा भाड्याने आणलेली साडी बरी.

माझा कौल सुती हातमागाला आहे. कॉटन पैठणी आता सहज मिळते, अंग सुती आणि काठ-पदर पैठणीचा. नागपुरी, नारायणपेठी, सुती इरकल हे तर आपल्याकडे पूर्वीपासून चालत आलेलं. विणकराचं काय, असं विचारणाऱ्याला उत्तर हेच, की पदरातला मोर विणकराच्या बोटांत असतो. सुती धाग्यावर तो थोडा ठसठशीत येतो, चकाकत नाही, पण मजुरी त्याच हातांना मिळते. सुती साडी घरी धुता येते आणि लग्नानंतर कपाटात कैद न होता दिवाळीला, हळदीकुंकवाला नेसली जाते. पैशांत म्हणाल तर अस्सल हातमागाची साधी रेशमी पैठणी दहा-पंधरा हजारांच्या खाली क्वचितच मिळते. सुती त्याच्या बऱ्याच आत बसते.

पण कापूस म्हणजे सोवळा, असंही नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर गेले. बोंडअळीसाठी मारलेल्या फवाऱ्यात किती किडे मरतात, त्याची मोजदाद कोणी करत नाही. सेंद्रिय कापसाची खादी मिळाली तर ती घ्यावी, नाही मिळाली तरी फरक उरतोच: रेशमात किडा मारणं हीच धागा काढायची रीत आहे, कापूस त्याशिवायही पिकवता येतो. मला हा फरक पुरेसा वाटतो, एखाद्याला नाही वाटणार.

राहिली आजीच्या ट्रंकेतली पैठणी. इथे व्हीगन लोकांतच दोन तट आहेत. एक म्हणतात, मेलेले किडे परत येत नाहीत, नवी मागणी तयार होत नाही, मग नेसायला हरकत काय? दुसरे म्हणतात, मांडवात दहा जणी विचारतील ‘कुठून घेतलीस’ आणि त्यातल्या दोघी दुकानात जातील. माझं मत पहिल्यांच्या बाजूला झुकतं, ज्याच्या अंगावर काटा येतो त्याने मात्र नेसू नये. जुनी साडी आधी उलगडून घड्यांवर बघा, रेशीम तिथेच विरतं. जरी काळवंडलेली असेल तर घरगुती उपाय न करता जाणत्याकडे द्या.

आणि ‘पूजेला रेशीमच लागतं’ म्हणणाऱ्या काकू-आत्यांसाठी: धुऊन, कोणाचा हात न लागता वाळवलेलं सुती वस्त्रही सोवळ्यात चालतं, ही आपल्याकडची जुनीच रीत आहे. एवढ्याने भागलं नाही तर कांचीचे शंकराचार्य चंद्रशेखरेंद्र सरस्वती यांचं नाव घ्या. रेशमासाठी जीव मारले जातात म्हणून त्यांनी आपल्या भक्तांना लग्नातही रेशीम टाळायला सांगितलं होतं. शंकराचार्यांपुढे आत्याबाई सहसा वाद घालत नाहीत.

दुकानात गेलात की दोन-तीन गोष्टी बघून घ्या. महेश्वरी आणि चंदेरीत बहुतेक वेळा ताणा (मागावरचा उभा धागा) रेशमाचा असतो, त्यांना ‘कॉटन’ समजून घेऊ नका. सुती इरकलीचा पदरही कधी रेशमाचा असतो. शंका आली तर काठाजवळचा एक सुटा धागा मागून घेऊन बाहेर जाळून बघा: केस जळाल्यासारखा वास आणि चुरा होणारी राख म्हणजे रेशीम, कागदासारखा वास म्हणजे सुती किंवा व्हिस्कोस, वितळून कडक मणी झाला तर पॉलिस्टर. आणि जरी. अस्सल जरीत चांदीची तार गुंडाळायला आत रेशमाचाच धागा असतो, त्यामुळे पूर्ण सुती साडीतही रेशीम मागच्या दाराने येतं. साध्या जरीत आत सूत, व्हिस्कोस किंवा पॉलिस्टर असू शकतं. विणकराकडून करून घेत असाल तर ऑर्डर देतानाच ‘जरीच्या आत सूत घाला’ असं स्पष्ट सांगा, आणि हे सांगायला मुहूर्ताच्या तीन-चार महिने आधी जा, कारण एकदा ताणा मागावर चढला की मग त्यात बदल होत नाही.