घरात माइनक्राफ्टवेडं लेकरू: सोबत खेळावं, वहीवर उतरवावं की दौलताबादला न्यावं?

जेवताना क्रीपर, शाळेच्या रिक्षात रेडस्टोन, झोपताना नेदर. घरातल्या लेकराला माइनक्राफ्ट लागलं असेल, तर हे शब्द आता तुमच्याही कानांना सवयीचे झाले असतील. मोबाइल काढून घ्यायचा ही एक वाट आहेच, तिच्याबद्दल इथे काही नाही. लेकराच्या या वेडात सामील व्हायचंय पण कुठून शिरावं ते कळत नाहीये, अशा आईबापांसाठी हा आढावा. समोर चार वाटा आहेत: त्याच्यासोबत गेम खेळणं, गेम कागदावर-पुठ्ठ्यावर उतरवणं, गेममध्ये जे आहे ते खरोखरचं दाखवायला नेणं, आणि गेमच्या नावाच्या वस्तू विकत आणणं. मी लातूरचा, त्यामुळे उदाहरणं सगळी इकडची.

ज्यांनी गेम पाहिलाच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मोजांग या स्वीडिश कंपनीने २०११ साली पूर्ण रूपात आणलेला हा गेम २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने अडीच अब्ज डॉलरला घेतला आणि २०२३ पर्यंत त्याच्या ३० कोटींहून जास्त प्रती विकल्या गेल्या. सगळं जग चौकोनी ब्लॉकचं, एक ब्लॉक म्हणजे एक घनमीटर. खणा, गोळा करा, बांधा. तिथला दिवस आणि रात्र मिळून वीस मिनिटांत उरकतात. 'सर्व्हायव्हल' या प्रकारात रात्री राक्षस येतात (हिरवा क्रीपर त्यातलाच एक), भूक लागते, जीव जातो. 'क्रिएटिव्ह'मध्ये सामान अमर्याद आणि मरण नाही.

वाट निवडण्याआधी एक काम करा. पंधरा-वीस मिनिटं मुकाट्याने शेजारी बसून लेकरू गेममध्ये नेमकं काय करतं ते बघा. काही लेकरं नुसती बांधत राहतात. काही खणत खाली खाली जातात. काहींना रेडस्टोनच्या, म्हणजे गेममधल्या विजेसारख्या, तारा जोडून आपोआप उघडणारी दारं करायची असतात, आणि काहींना फक्त तलवार हवी असते. खणणाऱ्याला रांगोळी काढायला बसवलं की दोघांचाही वेळ जातो.

सोबत खेळणं

सगळ्यात स्वस्त दिसणारी ही वाट थोडी खर्चिक आहे. दोन फोनवर खेळायचं तर साधारणपणे दोघांच्याही खात्यावर गेम विकत घेतलेला लागतो. संगणकावरची 'जावा' आवृत्ती आणि मोबाइलवरची 'बेडरॉक' यांचं एकमेकींशी जमत नाही, तेव्हा घेण्याआधी लेकराकडे कोणती आहे ते विचारा. दोघांकडे एकच असेल तर घरच्या वायफायवर तुम्ही त्याच्या जगात शिरू शकता. लहान मुलाचं खातं असेल तर दुसऱ्यांबरोबर खेळायची परवानगी पालकांच्या खात्यातून द्यावी लागते, आणि हे बरंच आहे. अनोळखी सर्व्हर बंद ठेवा. पैसे घालायचेच नसतील, तर लुआंटी नावाचा मोफत, मुक्त प्रणालीचा ब्लॉकचा खेळ आहे. आधी त्याचं नाव माइनटेस्ट होतं. जुन्या संगणकावरही तो चालतो. फक्त लेकरू पहिल्या मिनिटाला सांगेल की हे 'खरं' माइनक्राफ्ट नाही.

या वाटेत उस्ताद लेकरू असतं. तुम्हाला धड चालता येत नाही, तुम्ही खड्ड्यात पडता, ते तुम्हाला वर काढतं. दिवसभर ज्याला सगळे शिकवत असतात त्याला एकदा शिकवायला मिळतं. माझ्या मते या वाटेचं निम्मं मोल इथेच आहे. एक पथ्य मात्र पाळा: त्याच्या पेटीतलं सामान न विचारता घेऊ नका आणि त्याची भिंत 'सरळ' करायला जाऊ नका.

नुसतं सोबत फिरून चार दिवसांत कंटाळा येतो. त्यासाठी हाती काम लागतं, आणि मराठवाड्यात ते तयार पडलंय. आजीला शेजारी बसवा आणि तिचं माहेरचं घर गेममध्ये बांधायला घ्या. देवडी कुठे, ढाळज कुठे, चौक किती मोठा, धान्याचं बळद कोणत्या खोलीत, कोनाडे कुठल्या भिंतीत. आजी घर मीटरमध्ये सांगणार नाही, ती खणांत सांगेल, 'आमचं सात खणांचं माळवद होतं.' (माळवद म्हणजे मातीच्या सपाट छताचं घर.) मग दोन तुळयांमधलं अंतर किती, ते ब्लॉकमध्ये किती धरायचं, यावर आजी-नातवाची जी घासाघीस चालते ती ऐकण्यासारखी असते. पांढऱ्या मातीच्या भिंती दोन-तीन हात जाड, म्हणजे एक ब्लॉक चालतोय. छताला उजेडाचा झरोका ठेवायला आजी विसरत नाही. फोन एकच असला तरी हे जमतं: हुकूम आजीचा, बोट नातवाचं.

काम पुढे गेलं की प्रश्न निघतात. माइनक्राफ्टमध्ये वाळू आणि खडी सोडली तर जवळपास कशालाच वजन नाही. मातीचं छत खालचे खांब काढले तरी हवेत तसंच राहतं. मग आमच्याकडची माळवदं का पडली? ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपात किल्लारी आणि आसपासच्या गावांत दगड-मातीच्या जाड भिंती आणि त्यांवरचा मातीचा भार माणसांच्या अंगावर आला. ज्या घरांनी ते पाहिलंय तिथे आजी-आजोबा बोलायला लागले तर गेम बाजूला राहू द्या. नाही बोलले तर खोदून विचारू नका.

पाण्याचंही तसंच. गेममध्ये दोन बाय दोनचा खड्डा करून समोरासमोरच्या कोपऱ्यांत दोन बादल्या ओतल्या की तो कधी आटत नाही. उपसाल तेवढं पाणी. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने आलेलं पाणी ज्यांनी लातुरात भरलंय, त्यांनी हा खड्डा एकदा बघावाच. आमच्याकडे आबांनी तो पाहून 'हे जग कुणी केलंय त्याला इकडं पाठवा' असं म्हटलं होतं.

तोटा स्पष्ट आहे. स्क्रीनचा वेळ कमी होत नाही, वाढतो. डोळे आणि अभ्यास हीच तुमची मूळ तक्रार असेल, तर ही वाट तुमच्यासाठी नाही किंवा फक्त रविवारपुरती आहे.

वहीवर, पुठ्ठ्यावर, अंगणात

इथे खर्च जवळपास शून्य. गेममधल्या बहुतेक ब्लॉकचं चित्र १६ बाय १६ चौकटींचं असतं, क्रीपरचं तोंड ८ बाय ८ चं. गणिताची चौकटीची वही आणि रंगपेटी असली की झालं. अंगणात खडूने आठ बाय आठच्या चौकटी आखून हिरव्या-काळ्या रांगोळीने तोंड भरता येतं. शेजारणी 'हे काय काढलंय' विचारतात, तेव्हा उत्तर लेकराला देऊ द्या. खोक्यांचे चौकोनी ब्लॉक करून वर कागद चिकटवता येतात. पोळ्याला मातीचे बैल करताना एखादा चौकोनी बैलही होऊ शकतो, नंदीची त्याला हरकत नसावी.

सहा-सात वर्षांच्या लेकरांना हे फार आवडतं आणि लाइट गेली तरी काम थांबत नाही. दहाच्या पुढच्यांना मात्र अर्ध्या तासात कळतं की गेममध्ये हेच दोन मिनिटांत झालं असतं. शिवाय कात्री-गोंद बाहेर आले की सूत्रं आपोआप आईकडे जातात आणि लेकरू रंग भरणारा मदतनीस होऊन बसतं. लहानग्यांसाठी ही वाट उत्तम, मोठ्यांसाठी पावसाळ्यातल्या एखाद्या दुपारची सोय, याहून जास्त नाही.

खरा किल्ला, खरा दगड

खर्च, ऊन आणि दिवस या तिन्ही हिशेबांत ही सगळ्यात महाग वाट. पण आपल्या भागात राहून ती न धरणं म्हणजे विहीर दारात असताना टँकर मागवणं.

तीन ठिकाणं समोरासमोर ठेवतो. खणणाऱ्या लेकरासाठी वेरूळ. सोळा क्रमांकाचं कैलास लेणं आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातलं, सुमारे ३० मीटर उंच आणि वरून खाली कोरत आणलेलं. त्यात एकही दगड 'ठेवलेला' नाही, नको तो काढून टाकलेला आहे. माइनक्राफ्टमध्ये ज्याने डोंगर पोखरून घर केलंय त्याला हे सांगावंही लागत नाही. तो विचारतो, 'चुकून जास्त खणलं गेलं असतं तर?' गेममध्ये ब्लॉक परत लावता येतो, इथे नाही. दगडही ओळखीचा निघतो. हा बेसाल्ट आहे, लाव्हा थंड होऊन झालेला, आणि गेमच्या नेदरमध्ये, म्हणजे तिथल्या पाताळासारख्या आगीच्या जगात, २०२० पासून बेसाल्ट मिळतो. मुलांचं लक्ष शिल्पांकडे कमी आणि छिन्नीच्या खुणांकडे जास्त जातं. जाऊ द्या. वेरूळ मंगळवारी बंद असतं, एवढं लक्षात ठेवा.

बांधणाऱ्या आणि लढणाऱ्या लेकरांसाठी दौलताबाद. माझा कौल यालाच. सर्व्हायव्हल खेळणारं लेकरू रोज रात्री एकच प्रश्न सोडवत असतं, शत्रू आत कसा येणार नाही. देवगिरीच्या यादवांच्या या किल्ल्याने त्याची एकापाठोपाठ एक उत्तरं देऊन ठेवलीत: तटामागे तट, दारं एका रेषेत न ठेवता वळणं, डोंगराचा पायथा तासून केलेला उभा कडा, खडकात खोदलेला खंदक, आणि आत शिरल्यावर वाट चुकवणारी अंधारी. अंधारीत वटवाघळांचा वास येतो, लहानगी घाबरतात, त्यामुळे आठ वर्षांखालच्यांना नेताना विचार करा. तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी इथे आणली वगैरे लेकरांनी विचारलं तर सांगा. न विचारता सांगायला लागलात की सहलीची शाळा होते, आणि शाळेची सहल त्यांची एकदा झालेली असते.

रेडस्टोनवाल्यांसाठी नळदुर्ग. बोरी नदीवर बांध घालून त्याच्या पोटात पाणीमहाल केलाय, आणि पावसाळ्यात नदी भरली की वरून पाणी कोसळत असताना आत माणूस कोरडा उभा राहतो. गेममध्ये सपाटीवर पाणी सात ब्लॉकच्या पुढे पसरत नाही, त्यावर या मुलांची बरीच यंत्रं चालतात. मग खरं पाणी कसं वळवलं हा प्रश्न त्यांना आपणहून पडतो. लातूर-धाराशिवकडून जवळ, पण उन्हाळ्यात गेलात तर धबधबा नाही आणि निम्मी मजाही नाही. संभाजीनगरकरांना जवळ हवं असेल तर पाणचक्की आहे. डोंगरातून मातीच्या नळांनी आणलेलं पाणी उंचावरून सोडून जातं फिरवलेलं. बघायला तासभर पुरतो.

मे महिन्यात यातलं काहीही करू नका. दगड तापतात, लेकरं चिडतात, गेमचंही नाव नको होतं.

जिथे वेळ अमावस्या, म्हणजे येळवस हा शेतातला सण, होते तिथल्यांना घरबसल्या एक संधी मिळते. येळवशीला शेतात कडब्याची कोप, म्हणजे खोपी, उभी करतात. माइनक्राफ्टच्या पहिल्या रात्री लेकरू जे करतं तेच हे: हाताशी आहे त्यातून, अंधार पडायच्या आत, डोक्यावर काहीतरी. यंदा कोप उभी करायचं काम पोरांकडे सोपवा, मोठ्यांनी फक्त पेंढ्या द्यायच्या. वाकडी झाली तर वाकड्या कोपीतही आंबील आणि भज्जी तितकीच चांगली लागते.

विकत आणणं

टी-शर्ट, फोमची तलवार, वाढदिवसाला हिरवा चौकोनी केक. आनंद खरा असतो पण दोन दिवसांचा, आणि त्यात तुमचा सहभाग पैसे देण्यापुरता. एक अपवाद लेगोचा. २०१२ पासून माइनक्राफ्टचे अधिकृत संच येतात, ते महाग आहेत, पण बापलेक मिळून जमिनीवर बसतात. आत्या-मामा 'काय आणू?' विचारतातच, तेव्हा हे नाव सांगायला ठीक.

मग कुणी काय धरावं

लेकरू सात वर्षांच्या आतलं असेल तर वही आणि रांगोळी, पुढचं पुढे. आठ ते बारा आणि घरात आजी-आजोबा असतील तर जुनं घर बांधायला घ्या. एक फोन, आठवड्याचे दोन-तीन तास, इतकं पुरतं. घर चौघांचंच असेल आणि दिवाळीनंतर एखादा रविवार काढता येत असेल तर दौलताबाद. तिथून आल्यावर त्याच आठवड्यात किल्ला गेममध्ये बांधायला सांगा, नाहीतर सहल फोटोंत जिरते. दोन्ही जमत असेल तर आधी गेममध्ये मनाने किल्ला बांधू द्या आणि मग खरा दाखवा. स्वतःचा खंदक किती अरुंद होता हे तिथे उभं राहिल्यावर त्याचं त्यालाच दिसतं.

तेरा-चौदाच्या पुढचं पोर असेल तर आधी विचारा. त्याला तुम्ही त्याच्या जगात नको असाल, तर जोडीला एखादा चुलतभाऊ द्या आणि एखाद्या गढीचा, म्हणजे गावातल्या जुन्या तटबंदीच्या वाड्याचा, नकाशा कागदावर काढून टेबलावर ठेवून द्या. उचलायचा तर उचलेल.