दगडी कोळशाची चिमणीवाली सिगडी : दिवाळीपासून पोळ्यापर्यंत वापरून

ही सिगडी घरच्या चार माणसांच्या स्वयंपाकासाठी घेऊ नका, हे आधीच सांगतो. खानावळ, आश्रमशाळा, लग्नाचा आचारी, म्हणजे ज्यांच्याकडे रोज मोठा गंज, म्हणजे मोठं पातेलं, चुलीवर चढतो, त्यांनीच पुढचं वाचावं. आमची खानावळ घुग्घुसला आहे. सकाळी चाळीसेक डबे जातात, बहुतेक खाणीतल्या आणि सिमेंटच्या कामावरच्या पोरांचे. वरण, भात, भाजी आणि अंघोळी-भांड्यांचं गरम पाणी कोळशावर होतं, पोळ्या आणि फोडण्या गॅसवर. स्वयंपाक बायको बघते. माझी अर्धी नोकरी बॉयलरपाशी गेली, त्यामुळे आगीचं खातं माझ्याकडे.

सिगडी चंद्रपूरच्या एका फॅब्रिकेटरने बनवून दिली. जुनी सिगडी म्हणजे पत्र्याचा डबा, आतून माती लिंपलेली, मध्ये सळयांची जाळी आणि खाली एक तोंड. नवीत दोन पत्र्यांच्या मध्ये धानाच्या तुसाची राख ठासून भरली आहे. राइस मिलवाले ती राख फुकट देतात आणि ती उष्णता चांगली अडवते. आत फायर ब्रिकचं अस्तर, दहा इंच व्यासाची भट्टी, खाली राखेचा सरकता ट्रे. हवेला दोन वाटा आहेत. एक जाळीखालून, तिच्यावर कमी-जास्त करायची झडप. दुसरी भट्टीच्या बाजूने वर चढून कोळशाच्या पातळीच्या वर, भोकांच्या एका कड्यातून आत येते. गंज वर नुसता ठेवायचा नसतो, तो भट्टीच्या तोंडावरच्या कड्यात अर्धा आत उतरतो. जाळ त्याच्या बुडाला लागून बाजूंनी फिरतो आणि मागच्या पाइपातून छपरावर जातो. किंमत साध्या सिगडीच्या सातपट पडली. बायकोने त्यावर जे म्हटलं ते इथे लिहीत नाही.

आता पेटवणं. खरी सुधारणा इथेच आहे. जुन्या सिगडीत खाली गोवऱ्या आणि रॉकेलचा बोळा, वर कोळसा, मग सूपाने वारा घालत अर्धा तास पिवळट धूर. म्हणूनच आपल्याकडे सिगडी अंगणात पेटवतात आणि धूर संपला की आत आणतात. नव्या सिगडीत उलटं करायचं. कोळसा आधी भरायचा, लिंबाएवढे तुकडे, जाळीपासून पाच-सहा इंच, वरच्या भोकांच्या खाली तीन बोटं जागा ठेवून. त्यावर पऱ्हाट्यांचे, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या झाडांचे, वीतभर तुकडे आडवे-उभे रचायचे, मधोमध थोडं चिपाड, आणि काडी वरून लावायची. पऱ्हाट्या धडधडून पेटतात, पाच-सात मिनिटांत त्यांचे निखारे होतात आणि कोळशाचा वरचा थर धरतो. त्या वेळी खालची झडप पूर्ण उघडी हवी. वरच्या भोकांतून हवेबरोबर पिवळ्या ज्वाळांच्या जिभा आत वळताना दिसल्या की आग लागली समजा. मग झडप अर्ध्यावर आणायची आणि गंज उतरवायचा. छपरावरच्या पाइपातून पहिली काही मिनिटं राखाडी धूर दिसतो, नंतर फक्त हवा थरथरताना दिसते. शेजारच्यांनी पहिल्या आठवड्यात विचारलं होतं, खानावळ बंद केली का म्हणून.

यात जादू काही नाही. आमच्या वर्धा खोऱ्यातल्या कोळशात वजनाच्या पाव भाग किंवा त्याहून जास्त असा माल असतो, जो तापला की वायू आणि डांबर होऊन उडतो. खालून पेटवलं की आच वरच्या थंड कोळशात शिरते, हा माल बाहेर पडतो आणि वर त्याला जाळायला ज्वाळाच नसते. तोच धूर. म्हणजे विकत घेतलेली उष्णता आपण डोळे चोळत हवेत सोडत असतो. वरून पेटवलं की आग हळूहळू खाली उतरते, खालून निघालेला वायू लाल निखाऱ्यांतून आणि ज्वाळेतून जातो, वर त्याला ताजी गरम हवा मिळते, आणि तो जळून जातो. दक्षिण आफ्रिकेत कोळशावर राहणाऱ्या वस्त्यांमध्ये हीच पद्धत ‘बासा न्जेन्गो मागोगो’ या नावाने सरकारने शिकवली, तीही लोकांच्या जुन्याच सिगड्यांवर. तेव्हा नवी सिगडी घ्यायची ऐपत नसेल तर निदान काडी वरून लावून बघा. जुन्या डब्यातही फरक पडतो, मी बघितला आहे. पण तिथे वरची हवा नेमकी येत नाही आणि माती लवकर थंड पडते, त्यामुळे अर्धंच काम होतं.

मोठी तक्रार आता. एकदा भरलेला कोळसा संपेपर्यंत ही सिगडी उत्तम. पाच किलो भरला की पावणेदोन-दोन तास चालते, वरण-भाताला एवढं पुरतं. पण मध्येच कोळसा टाकायची वेळ आली की सगळं मुसळ केरात. गंज उचलायचा, वरून थंड कोळसा टाकायचा, म्हणजे पुन्हा तोच धूर, तोही आता थेट तोंडावर, कारण गंज उचलल्यावर पाइप ओढतच नाही. चहाच्या टपरीला ही सिगडी चालणार नाही ती याचसाठी. टपरीवर दिवसभर थोडा थोडा कोळसा पडत राहतो. आमच्याकडे यावर काढलेला तोडगा असा: निखारे चिमट्याने मागच्या बाजूला ओढायचे आणि नवा कोळसा पुढच्या अर्ध्या भागात टाकायचा, म्हणजे त्याचा धूर मागच्या निखाऱ्यांवरून जातो. धूर निम्म्याने कमी होतो, पण हे काम उकळत्या गंजाशेजारी करायचं असतं आणि पोळ्या करणाऱ्या मावशींनी त्याला साफ नकार दिला आहे. त्यांचं म्हणणं, “भाऊ, हे तुमचं बॉयलर तुम्हीच सांभाळा.” रास्त आहे.

ब्लोअरबद्दल लोक फार विचारतात. फॅब्रिकेटरही दीड हजारात लावून देत होता. हॉटेलवाल्यांना तो आवडतो, कारण आच ताबडतोब वाढते. या सिगडीला लावू नका. आपल्या कोळशात राख भरपूर. खालून जोराची हवा मारली की जाळीपाशी इतकी उष्णता होते की राख वितळून दगड बनते. वीटभट्टीवर जसा खंगर निघतो तसाच काळा-हिरवा, काचेसारखा चकाकणारा गोळा जाळीला चिकटून बसतो. शेजारच्या भजीवाल्याने हौसेने लावला होता. त्याच्या सिगडीतून खंगर काढायला छिन्नी-हातोडी लागली आणि अस्तराची एक वीट सोबत आली. पाइप पुरेसा उंच असेल तर तोच हवा ओढतो. आमचा पाइप दहा फूट आहे, पत्र्याच्या छपरावर तीन फूट. पहिल्यांदा तो सात फुटांचा दिला होता, तेव्हा ढगाळ दिवशी सिगडी सुस्त जळायची. तीन फूट वाढवल्यावर तक्रार मिटली.

किती कोळसा वाचतो? विकणारा ‘अर्ध्याहून जास्त’ म्हणतो. मी घरीच मोजलं. दोन्ही सिगड्यांत दोन-दोन किलो कोळसा, वर दहा-दहा लिटर पाणी, झाकण न ठेवता आच मरेपर्यंत. पाणी दोन्हीवर उकळलं. जुनीवर त्यातलं पाऊण लिटर उडालं, नवीवर दोन लिटरच्या थोडं वर. पाण्याची वाफ करायला लिटरला ५४० किलोकॅलरी लागतात, त्यावरून हिशेब केला. डेपोवाला सांगतो तो कोळसा किलोला ४३०० किलोकॅलरीचा धरला, तर जुन्या सिगडीत शंभरातले तेरा भाग भांड्यात जात होते, नवीत एकवीस-बावीस. प्रयोगशाळेतलं माप नव्हे हे, पण रोजच्या वापराशी जुळतं. सकाळच्या स्वयंपाकाला नऊ-दहा किलो लागायचे, आता सहा लागतात. अर्धा नव्हे, तिसऱ्या हिश्श्याहून थोडी जास्त बचत.

पण इथेच थांबू नका, गॅसशी तुलना करा. व्यापारी सिलिंडर १९ किलोचा. गॅसची उष्णता किलोला साधारण ११,००० किलोकॅलरी, आणि बर्नर चांगला असेल तर शंभरातले ६५ ते ६८ भाग भांड्याला लागतात. म्हणजे एका सिलिंडरचं काम करायला या सिगडीत दीडशे किलोच्या आसपास कोळसा लागतो आणि जुन्या सिगडीत अडीचशे किलो. आता तुमच्या गावचा कोळशाचा भाव दीडशेने गुणा आणि सिलिंडरच्या भावाशेजारी ठेवा. सिलिंडरचा भाव एक तारखेला बदलतो, म्हणून मी हा हिशेब दर महिन्याला करतो. आमच्याकडे खाणी उंबऱ्याशी आहेत म्हणून कोळसा परवडतो, तोही मोठ्या गंजापुरता. नागपूरला भावाकडे हाच हिशेब केला तर बचत जवळपास शून्य आली. गाडीभाडं आणि पोत्यातला चुरा धरला तर उलट तोटाच.

चुऱ्याचंही सांगायला हवं. आमचा कोळसा उघड्यावर, ऊन-पावसात पडला की तडकतो आणि त्याचा भुगा होतो. साध्या सिगडीत तो खपून जातो. या सिगडीत नाही, कारण चुरा हवेच्या वाटा बुजवतो आणि मधोमध न जळलेला काळा गोळा राहतो. चाळून घ्यावा लागतो. पोत्यामागे चार-पाच किलो चुरा निघतो, तो शेण आणि मातीत मळून गोळे थापतो. आणि कोळशाबरोबर येणारे शेलचे दगड हाताने वेचावे लागतात. ते वजनात मोजले जातात आणि जळत मात्र नाहीत.

टिकाऊपणात सिगडीचे सगळे भाग सारखे नाहीत. अस्तर आणि बाहेरचा पत्रा पहिल्या दिवसासारखा आहे, भिंतीला हात लावला तरी चटका बसत नाही. जाळी मात्र बारा एमएमच्या साध्या सळयांची दिली होती. होळीपर्यंत ती मधोमध पोट काढून खाली लोंबली आणि निखारे ट्रेमध्ये पडायला लागले. भंगारातून जुन्या भट्टीची बिडाची जाळी आणून कापून बसवली, ती अजून ताठ आहे. पाइप जस्ताच्या पातळ पत्र्याचा होता. कोळशात थोडं गंधक असतंच. पावसाळ्यात पाइप थंड असतो, धुरातली वाफ त्यावर धरते आणि ते पाणी आंबट होऊन पत्रा खातं. आषाढात सांध्याजवळ टाचणीएवढी भोकं दिसली, पोळ्याच्या आत ती बोटाएवढी झाली. पाइपाच्या वळणात काजळीही साठते. महिन्यातून एकदा वळणाचं झाकण काढून झाडावं लागतं, आणि आमच्या पाइपाला झाकणच नव्हतं, ते मागाहून कापून लावलं.

भोक पडलेला पाइप मी बदलला त्याचं कारण धूर नव्हे. कोळसा लाल झाला, धूर संपला की लोकांना वाटतं आता सिगडी आत घ्यायला हरकत नाही. कार्बन मोनॉक्साइड त्याच वेळी सगळ्यात जास्त निघतो. त्याला ना रंग ना वास, आणि रक्तात तो ऑक्सिजनच्या दोनशेपट घट्ट चिकटतो. दर हिवाळ्यात बंद खोलीत सिगडी घेऊन झोपलेल्या कुटुंबांच्या बातम्या येतात त्या याच्याच. म्हणून सुधारित सिगडी, कमी धूर, चिमणी नाही, असा जो माल बाजारात दिसतो त्याची मला जुन्या डब्यापेक्षा जास्त भीती वाटते. जुन्या डब्याचा धूर माणसाला निदान बाहेर तरी हाकलतो. चीनच्या युन्नान प्रांतात शुआनवेई म्हणून भाग आहे. तिथल्या बायका घरात चिमणीशिवाय धुराचा कोळसा जाळायच्या आणि विडी-सिगारेट न ओढताही त्यांच्यात फुफ्फुसाच्या कर्करोगाचं प्रमाण भयंकर होतं. घरांत चिमणीच्या चुली आल्यावर ते उतरलं. जागतिक आरोग्य संघटनेने तर २०१४ मध्ये सरळ सांगितलं की घरात कच्चा कोळसा जाळूच नये. आमची सिगडी पडवीत आहे, तीन बाजूंनी मोकळी, आणि पाइप छपराच्या वर. तरी चंद्रपूरच्या हवेत आमचाही वाटा पडतोच. २००९ च्या केंद्रीय यादीत देशातल्या सर्वांत प्रदूषित औद्योगिक पट्ट्यांत चंद्रपूर चौथं होतं. मुंबईच्या बेकऱ्यांना उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये लाकूड-कोळसा सोडायला सांगितलं, तशी पाळी आमच्यावर आली तर मी वाद घालणार नाही.

तोपर्यंत मात्र ही सिगडी मला हवी आहे. बायको आता खोकत नाही, पडवीचा पत्रा काळा होत नाही आणि गंजाचं बूड घासायला पूर्वीच्या निम्मा वेळ लागतो. फॅब्रिकेटरला मी एकच मोठा बदल सांगितला आहे: बाजूला एक तिरपं तोंड, झाकणाचं, ज्यातून गंज न उचलता कोळसा खालच्या कडेने सरकवता येईल आणि त्याचा धूर निखाऱ्यांतूनच पुढे जाईल. बॉयलरला आम्ही तसंच भरायचो. तो म्हणतो करून देतो, पण भट्टीचं माप बदलेल. बदलू दे.

घेणारच असाल तर ऑर्डर देतानाच बिडाची जाळी, दोन एमएमच्या पत्र्याचा पाइप, वळणावर झाडायचं झाकण आणि पाइपाच्या टोकाला पावसाची टोपी हे चार जिन्नस बिलावर लिहून घ्या. आगाऊ रक्कम अर्ध्याहून जास्त देऊ नका. आणि माल घेण्याआधी त्याच्याच दुकानासमोर, तुमच्या पोत्यातल्या कोळशावर, वरून काडी लावून एकदा पेटवून दाखवायला सांगा.