कॉलेजचं हॉस्टेल की पेठेतली कॉट? पहिल्या वर्षापुरतं बोलू

दर वर्षी जून-जुलैत बार्शीहून कुणाचा ना कुणाचा फोन येतो. पोराला पुण्यात बीएस्सीला नाहीतर बीकॉमला ॲडमिशन मिळालेली असते आणि बापाचा प्रश्न ठरलेला असतो: हॉस्टेलला टाकू, का बाहेर खोली बघू? मी दोन्हीकडे राहिलोय. आधी नारायण पेठेत कॉट बेसिसवर, म्हणजे चौघांच्या खोलीत एका कॉटपुरतं भाडं भरून, कारण हॉस्टेलच्या पहिल्या यादीत नाव नव्हतं. दिवाळीनंतर जागा रिकामी झाली तेव्हा हॉस्टेलमध्ये, आणि शेवटच्या वर्षी मित्रांबरोबर पुन्हा बाहेर. फोनवर तुकड्यातुकड्यांत सांगतो ते इथे सलग लिहितो. माप माझ्या अनुभवाचं आहे, तेव्हा थोडं इकडेतिकडे धरून चाला.

खासगी हॉस्टेल आणि पीजी यांना मी वेगळं धरत नाही. बहुतेक ठिकाणी ती कॉट बेसिसच असते, फक्त दारावर बोर्ड आणि आत वायफाय.

पैशावरून निकाल लागेल असं घरच्यांना वाटतं, पण तसा तो फारसा लागत नाही. फरक पडतो तो पैसे कधी द्यायचे यात. हॉस्टेलची फी बहुधा वर्षाची एकदम किंवा दोन हप्त्यांत भरायची असते, आणि तीही जुलैत, म्हणजे शेतकऱ्याच्या घरात बी-बियाणं आणि खतं घेऊन हात रिकामा झालेला असतो तेव्हा. कॉटचं भाडं महिन्याला जातं, त्यामुळे ते झेपेल असं वाटतं. मात्र त्यात डिपॉझिट धरा, एजंटामार्फत गेलात तर एजंटाची दलाली धरा, आणि लाइटबिल वेगळं की धरून हे आधी विचारा. सदाशिव, नारायण, शनिवार, नवी पेठ या सगळ्या भागात स्पर्धा परीक्षेची मुलं हजारोंनी राहतात. मालकाला गिऱ्हाइकाची वानवा नसते, म्हणून घासाघीस फारशी चालत नाही.

जेवणात मी बाहेरच्या बाजूने आहे. पेठेत मेस इतक्या आहेत की एकीला कंटाळलात तर पुढच्या महिन्यापासून दुसरी लावता येते. मेसच्या काकूंना आदल्या दिवशी सांगितलं की खाडा धरतात, म्हणजे गावी गेलात तर तेवढ्या दिवसांचे पैसे वळते होतात. (किती दिवसांपासून खाडा धरणार, हे पहिल्याच दिवशी विचारून ठेवा. सलग तीन-चार दिवस नसाल तरच धरू, असं काही ठिकाणी नंतर सांगतात.) हॉस्टेलची मेस बहुधा सक्तीची असते. वांग्याची भाजी आठवड्यात किती वेळा येईल यावर तुमचा काही ताबा नसतो. रविवारी दुपारी फीस्ट, म्हणजे गोडाधोडाचं जेवण, आणि संध्याकाळी सुट्टी, हे दोन्हीकडे सारखंच.

वेळेच्या बंधनातही कागदावर बाहेरचीच जागा जिंकते. हॉस्टेलचं गेट ठरलेल्या वेळेला बंद, रेक्टरची (हॉस्टेलप्रमुखांची) हजेरी, घरी जायचं तर रजेचा अर्ज, पुण्यात लोकल गार्डियन कोण ते लिहून द्या. पेठेतल्या खोलीची किल्ली तुमच्या खिशात. पण गावाकडून आलेल्या पोराला रात्री साडेअकराला बाहेर काय काम असतं, हे मला तेव्हाही कळलं नव्हतं. पहिल्या सेमिस्टरला तर नाहीच. बाकी आवाजाचं म्हणाल तर नारायण पेठ नदीला लागून आहे, आणि पावसाळ्यात गणपतीच्या आधी कित्येक आठवडे संध्याकाळी नदीपात्रात ढोल-ताशा पथकांचा सराव चालतो. विसर्जनाची मिरवणूक चोवीस तासांच्या वर जाते, तेव्हा पेठेत राहणाऱ्याने झोपेचा नाद सोडावा. मला ते आवडायचं, तो भाग वेगळा.

इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल की हा माणूस कॉटची शिफारस करणार. माझा कौल मात्र एका फार क्षुल्लक गोष्टीने फिरला. ती म्हणजे खोलीतली ट्यूबलाइट.

चार कॉट, भिंतीत चार कप्पे, एक ट्यूब, एक पंखा. दाराजवळच्या कॉटवर एमपीएससी करणारा एक दादा. तो दिवसभर अभ्यासिकेत, म्हणजे पैसे भरून बसायच्या वाचनाच्या खोलीत असायचा, रात्री साडेदहाला यायचा आणि पडल्या पडल्या झोपायचा, कारण पहाटे पाचला उठून पुन्हा अभ्यासिका. खिडकीजवळचा हिंजवडीत नोकरीला, त्याची शिफ्ट बदलती. रात्रपाळीच्या आठवड्यात तो दिवसभर खिडकीला चादर बांधून झोपलेला. तिसरा सीएच्या आर्टिकलशिपला, म्हणजे सीएच्या ऑफिसात उमेदवारीला. तो ऑफिसातून नऊला यायचा आणि एकपर्यंत जागायचा. चौथा मी, सकाळी साडेसातचं लेक्चर आणि त्यानंतर प्रॅक्टिकल. दुपारी खोलीवर यावं तर अंधार, आणि दिवा लावायची सोय नाही. रात्री जेवून पुस्तक उघडावं तर दादांची झोपायची वेळ. सीएवाल्याने टेबल लॅम्प आणला, तर त्याच्या उजेडावरूनही कुरबुर. घरून फोन आला की जिन्यात जाऊन बोलायचं, आणि जिन्यात मालकीणबाई विचारणार, इतक्या रात्री कुणाशी बोलतोस रे?

त्या खोलीत कुणीही वाईट नव्हतं, हे मुद्दाम सांगतो. ताप आला तेव्हा दादांनीच मला डॉक्टरकडे नेलं. भांडण असं कधी झालंही नाही. पण चौघांच्या परीक्षा चार, झोपायच्या वेळा चार आणि बटण एकच. वयाने सगळ्यात लहान मी, त्यामुळे बटणावर माझा नंबर शेवटचा. शेवटी मीही अभ्यासिका लावली. तिथे शांतता भरपूर होती, पण आजूबाजूला सगळे राज्यघटना आणि चालू घडामोडी वाचणारे. माझं इनऑर्गॅनिक केमिस्ट्री अडलं तर विचारायला कुणी नाही. शिवाय झोपायला भाडं, जेवायला मेस आणि बसायला अभ्यासिका असे तीन ठिकाणी पैसे जायला लागले. कॉट स्वस्त पडते म्हणणाऱ्यांच्या हिशोबात हा तिसरा आकडा नसतो.

हॉस्टेलच्या खोलीतही ट्यूब एकच होती. पण तिथे आम्ही तिघं एकाच वर्षाचे, आणि तिघांचीही प्रॅक्टिकल परीक्षा एकाच आठवड्यात. रात्री दोनला दिवा चालू असला तर तो तिघांसाठी असायचा. पंख्यावरून भांडलो, बादलीवरून तर अबोलाही धरला. दिव्यावरून मात्र एकदाही नाही.

दिव्याचा मुद्दा इतका ताणायचं कारण असं की पहिल्या वर्षाच्या पोराचं नेमकं काय अडतं, ते त्यातून मला कळलं. शाळेत आणि बारावीपर्यंत घंटा वाजते, वर्गशिक्षक असतात, दांडी मारली तर घरी फोन जातो. कॉलेजमध्ये नोटीस लागते, हल्ली ग्रुपवर पडते, आणि ती तुम्ही वाचली की नाही याची चौकशी कुणी करत नाही. परीक्षेचा फॉर्म भरायची तारीख गेली की लेट फी. हजेरी पंचाहत्तर टक्क्यांच्या खाली गेली की नाव यादीत लागतं, तेव्हा कळतं. जर्नल (प्रयोगवही) सरांनी सही करून सर्टिफाय केलेलं नसेल तर प्रॅक्टिकलला बसायचे वांधे. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर शिष्यवृत्तीचा अर्ज, आणि दरवर्षी त्याचं नूतनीकरण. त्यात नव्या शैक्षणिक धोरणाची मेजर-मायनर (मुख्य आणि जोड विषय) आणि क्रेडिटची रचना २०२४-२५ पासून पुणे विद्यापीठाशी संलग्न कॉलेजांतही आली आहे, त्यामुळे पहिल्याच महिन्यात ओपन इलेक्टिव्ह, म्हणजे आपल्या शाखेबाहेरचा विषय, निवडा म्हणतात. निवडायचा कसा, हे प्रॉस्पेक्टसमध्ये नसतं. कुठल्या विषयाला इंटर्नलचे मार्क नीट पडतात आणि कुठल्या विषयाचा तास कायम साडेचारला लागून घरी जायची एसटी चुकते, हे सेकंड इयरच्या मुलाला माहीत असतं. हॉस्टेलमध्ये तो बाथरूमच्या रांगेत तुमच्या पुढे उभा असतो. न विचारता सांगतो, आणि बऱ्याचदा जास्तच सांगतो.

इंग्रजीचंही तसंच. अकरावी-बारावी सायन्सची पुस्तकं इंग्रजीत असली तरी आमच्याकडे सर समजावायचे मराठीतूनच. टायट्रेशनचा प्रयोग हाताला येत होता, व्हायवाला (तोंडी परीक्षेला) तोंड उघडत नव्हतं. हॉस्टेलमध्ये आमच्या मजल्यावर अशी निम्मी मुलं होती, त्यामुळे लाज वाटेनाशी झाली. व्हायवाच्या आदल्या रात्री एकमेकांना मोडक्या इंग्रजीत प्रश्न विचारायचो आणि हसायचो. पेठेतल्या खोलीत हे कुणाबरोबर करणार? दादांबरोबर? ते बिचारे झोपलेले.

आता हॉस्टेलच्या उण्या बाजू, नाहीतर मी जाहिरात करतोय असं वाटेल. सकाळी गरम पाणी पहिल्या काही जणांनाच मिळतं. कपडे वाळत घातले की एखादा टीशर्ट दुसऱ्याच्या अंगावर दिसतो. परीक्षा संपल्याच्या रात्री झोप नाही. अभ्यास न करणाऱ्यांची संगत लागायची असेल तर ती तिथे लवकर लागते, कारण पत्ते खेळायला चौथा गडी शोधावा लागत नाही. आणि सीनियर लोकांचा ‘इंट्रो’. माझ्या वाट्याला आला तो नाव, गाव, एक गाणं, इतपत होता. सगळीकडे तो इतकाच असतो असं मी म्हणणार नाही. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे, यूजीसीचे नियम २००९ चे आहेत, आणि प्रवेशाच्या वेळी विद्यार्थी व पालक दोघांकडून हमीपत्र घेतात. त्या कागदावर डोळे मिटून सही करू नका, वाचा. १८००-१८०-५५२२ ही हेल्पलाइन चोवीस तास चालू असते, नंबर फोनमध्ये ठेवा. रेक्टर कुठे राहतात, हॉस्टेलच्या आवारात की लांब, हे बघून या. मला विचाराल तर खोलीच्या आकारापेक्षा ते महत्त्वाचं.

मुलींचा हिशोब थोडा वेगळा पडतो. माझी धाकटी बहीण नंतर पुण्यातच शिकली. तिच्या हॉस्टेलचं गेट मुलांच्या हॉस्टेलच्या कितीतरी आधी बंद व्हायचं. उशिराचं प्रॅक्टिकल किंवा गॅदरिंगची तालीम असली की रोज पत्र आणा. ती वैतागून दुसऱ्या वर्षी बाहेर पडली, आणि तिचं म्हणणं मला पटतं. तरी पहिल्या वर्षाबद्दल विचारलं तर तीही हॉस्टेलच म्हणते, फक्त माझ्यापेक्षा हळू आवाजात.

ज्यांना पैशाची खरोखर ओढाताण आहे त्यांनी या दोन पर्यायांच्या बाहेरही बघावं. पुण्यात विद्यार्थी साहाय्यक समिती १९५५ पासून ग्रामीण भागातल्या गरजू मुलामुलींसाठी वसतिगृहं चालवते. प्रवेश मुलाखत घेऊन देतात, त्यामुळे चौकशी लवकर करावी. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्याला समाजकल्याणच्या वसतिगृहात अर्ज करूनही जागा मिळाली नाही, तर स्वाधार योजना आहे. त्यात पुण्यासारख्या शहरासाठी वर्षाला ६०,००० रुपये धरले आहेत: जेवणाचे ३२,०००, राहण्याचे २०,००० आणि निर्वाहाचे ८,०००. पैसे खात्यात जमा होतात, पण महिन्याच्या महिन्याला येतील या भरवशावर मालकाला शब्द देऊ नका.

तर माझं मत हॉस्टेलकडे झुकतं, पहिल्या वर्षासाठी तरी. तिसऱ्या वर्षी मी स्वतः बाहेर पडलो आणि मजेत राहिलो, कारण तोवर तारखा मला ठाऊक होत्या आणि खोलीत चौघं एकाच वर्गातले होतो. तुमच्या मुलाचा स्वभाव अगदी एकलकोंडा असेल, किंवा सख्खा भाऊ आधीच पुण्यात खोली घेऊन राहत असेल, तर माझं ऐकू नका.

पहिल्या यादीत नाव नसलं तरी प्रतीक्षा यादीत राहा. इंजिनिअरिंग आणि फार्मसीच्या कॅप राउंड (केंद्रीय प्रवेशाच्या फेऱ्या) पुढे सरकल्या की बीएस्सीची मुलं ॲडमिशन काढून निघून जातात आणि त्यांच्या हॉस्टेलच्या जागा रिकाम्या होतात. ते ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत चालू असतं, आणि त्याची नोटीस प्रत्येक वेळी लागेलच असं नाही. आठवड्यातून एकदा ऑफिसात जाऊन क्लार्कला तोंड दाखवत राहा. तोवर कॉट घ्यायचीच झाली तर एका महिन्याची नोटीस आणि एका महिन्याचंच डिपॉझिट, एवढ्यावर ठरवा, आणि तेही कागदावर. मेस पंधरा दिवसांची लावा. लोखंडी कपाट, गादी असलं काही विकत घेऊ नका. घरची सतरंजी दोन महिने पुरते.