एका टॅबपायी तीन रात्री: इव्हॅलग्लेअर आठ महिने वापरल्यावर

परवा परत तोच एरर आला, म्हणून लिहायला बसलो. ‘नो व्हॅलिड व्ह्यू स्पेसिफाइड’, म्हणजे चित्र किती अंशांचं दृश्य दाखवतं (व्ह्यू) ते नीट सांगितलेलं नाही. आठ महिन्यांपूर्वी याच ओळीनं माझ्या तीन रात्री खाल्ल्या होत्या. थोडक्यात सांगतो: रेडियन्स म्हणजे प्रकाशाचा हिशेब करणारं सॉफ्टवेअर, इव्हॅलग्लेअर म्हणजे फोटोवरनं चकाकी मोजणारा प्रोग्राम, आणि डीजीपी म्हणजे ती चकाकी डोळ्यांना किती त्रास देते याचा आकडा. एवढं पुढचं वाचायला पुरे.

काम सांगलीतलंच, विश्रामबागेतल्या एका अभ्यासिकेचं. स्पर्धा परीक्षेची पोरं सकाळी नऊ-दहाच्या सुमारास डोळे चोळायची, आणि मालक अण्णांचं एकच म्हणणं, “सर, ऊन लई येतंय, पडदे टाकू.” पडदेवाल्याचं कोटेशन खिशातच होतं. पण खिडकी पश्चिमेची. सकाळी नऊला पश्चिमेच्या खिडकीतनं ऊन कुठलं? म्हटलं, आधी मोजू.

खर्चाचं सांगतो, कारण माझ्यासाठी तोच मुद्दा मोठा. इव्हॅलग्लेअर फुकट, आता रेडियन्ससोबतच येतं. कमी-जास्त एक्स्पोजरचे फोटो एका चित्रात जोडायला एचडीआरजेन, रेडियन्स लिहिणाऱ्या ग्रेग वॉर्डचंच, तेही फुकट. पैसे गेले ते सेकंडहँड फिशआय लेन्समध्ये (समोरचं सगळं एका गोलात टिपणारी). ट्रायपॉड भाच्याचा. लॅपटॉप जुना, पण चित्र रेडियन्सच्या पीफिल्टनं ८०० बाय ८०० पिक्सेल करून दिलं की त्यालाही झेपतं. पीफिल्टला ‘उणे एक’ (-1) हा पर्याय द्यायला विसरू नका, आणि फोटो काढताना अॅपर्चर, आयएसओ, व्हाइट बॅलन्स बांधून ठेवा. एवढं पुरे.

आता तो टॅब. एचडीआरजेनमधनं निघालेलं चित्र आडवं असतं, मधे गोल आणि दोन्ही बाजूंना काळं. ते चौकोनी कापायला रेडियन्सचंच पीकॉम्पोस वापरलं. कापलेलं चित्र इव्हॅलग्लेअरला दिलं की एरर. हेडर (चित्राच्या फाइलीत वर लिहिलेली माहिती) उघडून बघावं तर व्ह्यूची ओळ आहे की समोर! पहिल्या रात्री प्रोग्राम काढून परत टाकला. दुसऱ्या रात्री लिनक्सला शिव्या घातल्या. तिसऱ्या रात्री दीडच्या सुमाराला दिसलं, की ती ओळ डावीकडनं जराशी आत सरकलीय. ओळीच्या सुरुवातीला एक टॅब, म्हणजे कीबोर्डवरच्या टॅब बटणाची मोकळी जागा. टॅब असला की ती ओळ नसल्यातच जमा. डोळ्यांना न दिसणाऱ्या एका अक्षरासाठी तीन रात्री!

गेटइन्फो या रेडियन्सच्या प्रोग्रामनं नवी व्ह्यू ओळ हेडरात घातली: व्हीटीए (म्हणजे फिशआय), आडवा कोन १८०, उभा कोन १८०. लगेच चाललं. डीजीपी ०.३४. म्हणजे ०.३५ च्या आत, चकाकी जाणवूच नये. अण्णांना फोन लावला, “काही नाही हो, पोरांचं नाटक आहे.”

हे बोललो आणि फसलो. दुसऱ्या दिवशी लक्समीटर घेऊन पोरांच्या डोळ्याच्या उंचीला उभा धरला, तर ३४०० लक्स. चित्रातनं निघालेला आकडा २४००. एवढा फरक आला कुठनं? मी चौकोन ऐसपैस कापला होता, गोलाभोवती काळी कड तशीच ठेवून. वर ठोकून सांगितलं होतं की या टोकापासून त्या टोकापर्यंत १८० अंश. म्हणजे खिडकी खरी आहे त्यापेक्षा लहान धरली गेली. गोलाला घासून, काळी कड न ठेवता कापलं तेव्हा चित्रातला लक्सचा आकडा मीटरच्या जवळ आला आणि डीजीपी ०.४१. त्रासदायक. पोरं खरं बोलत होती.

तेव्हापासून त्या टॅबबद्दल माझं मत फिरलंय. पीकॉम्पोस मुळात अनेक चित्रं एकत्र जोडायला बनवलेलं. प्रत्येक चित्राचं हेडर ते टॅबनं आत ढकलून जपतं, जुना इतिहास म्हणून. आणि कापल्यावर जुना व्ह्यू खराही राहत नाही. प्रोग्राम अंदाज बांधायला नकार देत होता; मी मात्र बिनधास्त अंदाज ठोकला. तरीपण, ‘ओळ आहे, पण आत सरकलीय’ एवढं एका वाक्यात सांगायला काय जात होतं?

खरी मजा इव्हॅलग्लेअरच्या ‘उणे सी’ (-c) या पर्यायात आहे. ज्या ज्या भागाला प्रोग्राम चकाकी मानतो तो रंगवून वेगळं चित्र काढून देतो. आकाश रंगलं असेल असं धरून चाललो होतो. रंगली होती समोरच्या बिल्डिंगची भिंत! दिवाळीला पांढराशुभ्र रंग दिलेली, पूर्वेकडे तोंड करून, सकाळचं सगळं ऊन अंगावर घेणारी. अण्णा स्क्रीनकडं बघतच राहिले. “आयला, म्हंजे ऊन शेजाऱ्याकडनं येतंय व्हय!” ०.४१ चा अर्थ समजवायला मला अर्धा तास लागला असता. रंगीत भिंतीनं ते काम एका क्षणात केलं.

मग टेबलं नव्वद अंशात फिरवली, खिडकी पोरांच्या बाजूला आली. परत फोटो, परत मोजणी, यावेळी कड नीट घासून: ०.२७. टेबलं पोरांनीच ओढली, वडापाववर.

बाकी तक्रारी किरकोळ. लेन्सच्या कडेला येणाऱ्या अंधाराची दुरुस्ती ज्याची त्यानं करायची. चौकटीत थेट सूर्य आला तर साध्या फोटोमालिकेत तो मावत नाही, एनडी फिल्टर (लेन्सवर लावायची उजेड कमी करणारी काच) लागतो. मी अजून घेतलेला नाही, म्हणून संध्याकाळची मोजणी टाळतो. पावसाळ्यात ढग इतक्या भराभर सरकतात की नऊ फोटो होईपर्यंत उजेड बदललेला असतो. असा संच मी सरळ फेकतो. उजेड ३८० लक्सच्या खाली गेला तर प्रोग्राम स्वतःच बजावतो, की आकडा कमी आलेला असू शकतो. हा प्रामाणिकपणा आवडला.

परवाचा एरर? कड नीट कापली होती, पण नवी व्ह्यू ओळ घालायची विसरलो. पाच मिनिटांत सुटलं. आता तीन ओळींची स्क्रिप्ट करून ठेवलीय.

अण्णांचं पडद्याचं कोटेशन रद्द झालं, त्यांचे पैसे वाचले. माझं बिल मात्र अजून “पुढच्या आठवड्यात बघू की सर” वरच अडकलंय.